शासकीय संशोधन-अनुदान आणि लघु तंत्रउद्योग : दौंड तालुक्यातील गुऱ्हाळांच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

स्वातंत्र्योत्तर काळात भारतातील विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विकासाची जबाबदारी मुख्यतः शासनाने उचलली. राष्ट्रीय प्रयोगशाळा शासनाने उभारल्या, संशोधनाचा मोठा खर्च शासनाने केला आणि प्रयोगशाळेतील ज्ञान उद्योगापर्यंत नेण्याची यंत्रणाही शासनानेच निर्माण केली. २०२०-२१ या वर्षी देशाचा संशोधन व विकासावरील खर्च सकल देशांतर्गत उत्पन्नाच्या ०.६४ टक्के इतका होता आणि त्यातही खाजगी उद्योगांचा वाटा शासनाच्या वाट्यापेक्षा बराच कमी होता. अशा परिस्थितीत नव्या तंत्रावर उभा राहू पाहणारा लहान उद्योजक शासकीय अनुदानाकडे आशेने पाहतो, हे स्वाभाविक आहे.

या अनुदानांची चर्चा बहुधा रकमेच्या अंगाने होते. किती कोटींची तरतूद झाली, किती उद्योगांना लाभ मिळाला, कोणत्या राज्याने आघाडी घेतली, असे प्रश्न विचारले जातात. अनुदान नेमके कोणत्या टप्प्यावर दिले जाते आणि कोणत्या टप्प्यावर ते थांबते, हा प्रश्न मात्र क्वचित विचारला जातो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार पुणे जिल्ह्यातील दौंड तालुक्याच्या संदर्भात केला आहे. दौंड हे रेल्वेचे जंक्शन आहे. तालुक्यात कुरकुंभची औद्योगिक वसाहत आहे, साखर कारखाने आहेत आणि भीमा व मुळा-मुठेच्या पाण्यावर पिकणाऱ्या उसावर चालणारी गुऱ्हाळे आहेत. यांपैकी गुऱ्हाळ हा विवेचनाचा आधार म्हणून निवडला आहे. येथे तांत्रिक प्रश्न स्पष्ट आहे, त्यावर काम झालेले आहे, आणि तरीही तो सुटलेला नाही.

अनुदानव्यवस्थेची जडणघडण

प्रयोगशाळांतील शोध उद्योगांकडे हस्तांतरित करण्यासाठी १९५३ साली राष्ट्रीय संशोधन विकास महामंडळ स्थापन झाले. शोध प्रयोगशाळेत लागतो आणि उद्योग तो विकत घेतो, अशी त्यामागील कल्पना होती. लहान उद्योजक स्वतः शोध लावू शकेल, हे गृहीत या रचनेत नव्हते. १९८२ मध्ये विज्ञान व तंत्रज्ञान उद्योजकता विकासाचे राष्ट्रीय मंडळ स्थापन झाल्यावर ही दृष्टी बदलू लागली. पुणे विद्यापीठाच्या आवारात १९८६ साली सुरू झालेले सायन्स अँड टेक्नॉलॉजी पार्क हे या नव्या दृष्टीचे महाराष्ट्रातील एक आरंभीचे फळ होय.

१९८६ मध्येच आयात तंत्रज्ञानासाठी परदेशी दिल्या जाणाऱ्या रकमेवर उपकर बसवणारा कायदा झाला. परक्या तंत्रावर होणाऱ्या खर्चाचा काही भाग देशी तंत्राच्या विकासाला मिळावा, हा त्यामागील हेतू होता. त्यासाठी १९९५ च्या कायद्यान्वये तंत्रज्ञान विकास मंडळाची रचना झाली आणि १९९६ पासून मंडळाचे काम सुरू झाले. कल्पना उत्तम होती. तथापि जमा झालेल्या उपकराचा लहानसा हिस्साच मंडळापर्यंत पोचला, ही बाब महालेखापरीक्षकांच्या अहवालांतूनही पुढे आली. २०१७ मध्ये हा उपकर रद्द झाला. ज्या हेतूसाठी कर गोळा केला तो हेतू अपुरा ठेवूनच कर संपुष्टात आला, ही गोष्ट अनुदानाच्या इतिहासात नोंदवून ठेवण्यासारखी आहे.

पुढील काळात योजनांची संख्या वाढत गेली. एकट्या-दुकट्या संशोधकासाठी १९९८-९९ च्या सुमारास ‘टेप’ हा कार्यक्रम आला व नंतर ‘प्रिझम’ने त्याची जागा घेतली. जैवतंत्रज्ञानातील लहान उद्योगांसाठी २००५ मध्ये ‘एसबीआयआरआय’ ही योजना सुरू झाली. २०१२ मध्ये ‘बायरॅक’ ही संस्था स्थापन होऊन कल्पनेच्या पातळीवरील प्रकल्पाला पन्नास लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळण्याची सोय झाली. १६ जानेवारी २०१६ रोजी ‘स्टार्टअप इंडिया’ची घोषणा झाली. त्याच वर्षी आलेल्या ‘निधी’ योजनेतील ‘प्रयास’ या घटकाखाली नमुना-यंत्र तयार करण्यासाठी दहा लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळू लागले. २०२१ मध्ये ९४५ कोटी रुपयांची बीज-निधी योजना सुरू झाली. २०२५ मध्ये केंद्र शासनाने एक लाख कोटी रुपयांच्या संशोधन, विकास व नवप्रवर्तन निधीला मंजुरी दिली.

या यादीवरून शासनाने काहीच केले नाही, असे म्हणता येणार नाही. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या परिसरात २००७ पासून कार्यरत असलेल्या व्हेंचर सेंटरसारख्या केंद्रांमुळे जैवतंत्रज्ञान व पदार्थविज्ञानातील अनेक नवे उद्योग उभे राहू शकले. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ मध्ये कावीळ-ब या रोगावरील देशी लस बाजारात आणली, त्यामागे तंत्रज्ञान विकास मंडळाचे साहाय्य होते. प्रश्न असा की, ही व्यवस्था ज्या प्रकारच्या उद्योजकाला डोळ्यांसमोर ठेवून रचली गेली आहे, त्याच्या बाहेरच्या उद्योजकाचे काय होते?

गुऱ्हाळ : एक तांत्रिक प्रश्न

दौंड तालुक्यात राहू बेट, यवत, केडगाव या परिसरात गुऱ्हाळे मोठ्या प्रमाणावर आहेत. चरकातून निघालेला रस काहिलीत घ्यायचा, काहिलीखालच्या चुलवाणात चिपाड जाळायचे, भेंडीच्या पाण्याने वा चुन्याने मळी काढायची आणि रस आटवून गुळाची ढेप पाडायची, ही रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. गुळव्या रसाचा रंग व तार पाहून काहील उतरवण्याची वेळ ठरवतो आणि जळव्या चुलवाणाचा जाळ सांभाळतो. आज अनेक गुऱ्हाळांत हे काम उत्तर प्रदेशातून आलेले कारागीर करतात. कामगार बदलले, चरकाला विजेची मोटर लागली, परंतु चुलवाण मात्र बहुतांशी पूर्वीसारखेच राहिले आहे.

या चुलवाणातच प्रश्नाचे मूळ आहे. एक टन उसापासून साधारण ६५० किलो रस निघतो आणि त्यातून सुमारे १०० किलो गूळ मिळतो, असे धरल्यास सुमारे ५५० किलो पाण्याची वाफ करावी लागते. एक किलो पाण्याची वाफ होण्यासाठी सुमारे २२५७ किलोज्यूल उष्णता लागते. म्हणजे एक टन उसामागे निदान साडेबारा लाख किलोज्यूल उष्णता काहिलीला प्रत्यक्ष मिळाली पाहिजे. त्याच एक टन उसापासून सुमारे ३५० किलो ओले चिपाड मिळते. त्यात निम्मे पाणी असते. ते चांगले वाळवले तर सुमारे १९५ किलो जळण हाती येते आणि अशा जळणाच्या एका किलोत साधारण १६,००० किलोज्यूल उष्णता असते.

आता चुलवाणातील उष्णतेपैकी पाचवा हिस्साच काहिलीला मिळत असेल, तर सुमारे ३९० किलो वाळलेले चिपाड लागेल. हाती असलेले जळण त्याच्या निम्मेच आहे. हाच हिस्सा दोन-पंचमांशापर्यंत गेला, तर सुमारे १९४ किलो जळण पुरेल आणि गुऱ्हाळ स्वतःच्या चिपाडावर चालू शकेल. हा हिशेब ढोबळ आहे, तरी त्यातून प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट होते. चुलवाण सुधारले तर बाहेरचे जळण लागत नाही. ते सुधारले नाही, किंवा पावसाने चिपाड भिजले, तर तूट कशाने तरी भरून काढावी लागते. ही तूट प्लास्टिकचा कचरा व टाकाऊ रबर जाळून भरून काढली जाते, अशा तक्रारी या परिसरातून वृत्तपत्रांत वारंवार येत राहिल्या आहेत. त्यावर बहुधा तपासणी, नोटीस व दंड हा मार्ग सुचवला जातो. प्रदूषणाविरुद्ध कायद्याचा बडगा आवश्यक आहे, यात शंका नाही. तथापि जळणाची तूट ही उष्णतेच्या हिशेबातील तूट आहे आणि नोटिशीने ती भरून निघत नाही. धूर सोसणाऱ्या गावकऱ्याला आणि चुलवाणासमोर उभ्या असलेल्या जळव्याला या फरकाची किंमत रोज मोजावी लागते.

उपलब्ध तंत्र आणि त्याची पोच

या प्रश्नावर महाराष्ट्रात काहीच संशोधन झाले नाही, असे नाही. डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने १९९६ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या आरती या संस्थेने शेतात जाळून टाकल्या जाणाऱ्या उसाच्या पाचटापासून कोळसा तयार करण्याचे तंत्र विकसित केले. या कामासाठी संस्थेला २००२ साली ब्रिटनमधील ॲश्डेन पुरस्कार मिळाला. फलटण येथे बी. व्ही. निंबकर यांनी १९६८ मध्ये स्थापन केलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी व राजेश जोरापूर यांनी उसाचे पाचट व चिपाड यांवर चालणारे वायुजनक यंत्र तयार केले. तासाला १०८० मेगाज्यूल, म्हणजे १०.८ लाख किलोज्यूल क्षमतेच्या या यंत्रावरील त्यांचा निबंध १९९७ साली ‘बायोमास अँड बायोएनर्जी’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. वरील हिशेबाशी ताडून पाहता ही क्षमता गुऱ्हाळाच्या गरजेच्या आसपासची आहे, हे सहज ध्यानात येते.

फलटण आणि दौंड हे शेजारचेच प्रदेश आहेत. ऊस दोन्हीकडे आहे आणि पाचटाचा प्रश्न दोन्हीकडे सारखा आहे. निबंध प्रसिद्ध होऊन पाव शतकाहून अधिक काळ लोटला, तरी गुऱ्हाळांचे चुलवाण आजही बहुतांशी उघड्या जाळावरच चालते. संशोधकांची बुद्धी वा निष्ठा कमी पडली, असे येथे म्हणता येत नाही. संशोधन प्रयोगाच्या व चाचणीच्या टप्प्यापर्यंत यशस्वी झाले. त्यापुढे ते यंत्र घडवणारा, विकणारा, बिघडल्यास दुरुस्त करणारा आणि मुख्य म्हणजे पहिल्यांदा विकत घेणारा, अशी जी माणसांची साखळी लागते, ती तयार झाली नाही.

अनुदानाच्या अटी आणि तालुक्यातील कारागीर

ही साखळी तालुक्यातूनच तयार होऊ शकते. काहील ठोकणारा, चरक दुरुस्त करणारा, ट्रॉली बांधणारा फॅब्रिकेशनवाला ऊसपट्ट्यातील प्रत्येक बाजारगावात असतो. चुलवाणातील हवेचा मार्ग बदलावा, धुराड्यातून वाया जाणाऱ्या उष्णतेवर पुढच्या काहिलीतील रस तापवावा, चिपाड वाळवण्यासाठी तीच गरम हवा वापरावी, अशा सुधारणा त्याच्या हातच्या आहेत. अशा एखाद्या कारागिराने शासकीय साहाय्य मागायचे ठरवले, तर त्याच्यासमोर कोणत्या अटी उभ्या राहतात, हे तपासणे उद्बोधक ठरते.

पहिली अट उद्योगाच्या कायदेशीर रूपाची आहे. केंद्र शासनाच्या फेब्रुवारी २०१९ च्या अधिसूचनेने स्टार्टअप म्हणून मान्यता मिळण्यासाठी खाजगी मर्यादित कंपनी, नोंदणीकृत भागीदारी किंवा मर्यादित दायित्व भागीदारी ही रूपे ग्राह्य धरली. एकल मालकीचा व्यवसाय त्यात बसला नाही. तालुक्यातील बहुसंख्य वर्कशॉप मात्र एकल मालकीची असतात. लघुउद्योग म्हणून ‘उद्यम’ नोंदणी त्यांना मिळते, पण नवप्रवर्तक म्हणून मान्यता मिळत नाही. एकच माणूस एका कायद्याने उद्योजक ठरतो आणि दुसऱ्या व्याख्येने नवप्रवर्तनाच्या बाहेर राहतो.

दुसरी अट वयाची आहे. २०२१ च्या बीज-निधी योजनेसाठी उद्योगाची स्थापना अर्जाच्या वेळी दोन वर्षांपेक्षा जुनी नसावी, असे ठरवण्यात आले. वीस वर्षे काहिली ठोकल्यावर ज्याला चुलवाणातील दोष उमगला, तो या मोजपट्टीने ‘जुना’ ठरतो. तंत्राची नवता आणि उद्योगाचे वय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. योजनेने त्या एकच मानल्या आहेत.

तिसरी अट मार्गाची आहे. बीज-निधी व ‘निधी’ या योजनांतील पैसा इन्क्युबेशन केंद्रांमार्फत वाटला जातो. त्यामागील कारण रास्त आहे. दिल्लीतील कार्यालयाला प्रत्येक अर्जदाराची पारख करता येत नाही. परंतु ही केंद्रे प्रामुख्याने महानगरांत, मोठ्या संशोधन संस्थांत व अभियांत्रिकी महाविद्यालयांत आहेत. तेथील निवड समितीसमोर प्रकल्प मांडावा लागतो आणि तो बहुधा इंग्रजीत व सादरीकरणाच्या विशिष्ट रीतीने मांडावा लागतो. चुलवाणाची जाण आणि सादरीकरणाची जाण एकाच माणसाकडे असेलच, असे नाही.

चौथी अट पूर्वतयारीची आहे. एक लाख कोटींचा नवा निधी तंत्रज्ञान-सिद्धतेच्या नऊ पायऱ्यांपैकी चौथ्या व त्यापुढील पायरीवरील प्रकल्पांसाठी आहे आणि त्याचा भर दीर्घ मुदतीच्या, अल्प व्याजाच्या कर्जावर व भागभांडवलावर आहे. चौथी पायरी म्हणजे प्रयोगशाळेत सिद्ध झालेले तंत्र. ज्याच्याजवळ प्रयोगशाळा नाही, त्याने तेथपर्यंत कसे पोचावे, याचे उत्तर या निधीत नाही. रक्कम जितकी मोठी तितकी ती लहान उद्योजकापासून दूर जाते, असा हा विरोधाभास आहे.

पहिला ग्राहक कोण?

या सर्व अटी शिथिल झाल्या, असे क्षणभर गृहीत धरले, तरी मूळ अडचण शिल्लक राहते. समजा, कारागिराला दहा लाख रुपये मिळाले आणि त्याने सुधारित चुलवाण तयार केले. ते कोण घेणार? गुऱ्हाळाचा हंगाम काही महिन्यांचा असतो. ऊस तोडून आणला की तो ठेवता येत नाही, रस काढला की तो थांबवता येत नाही. नवे चुलवाण ऐन हंगामात बिघडले, तर नुकसान गुऱ्हाळमालकाचे होते. कारागिराला अनुदान मिळालेले असते, गुऱ्हाळमालकाला मात्र कशाचेही संरक्षण नसते. नव्या तंत्राचा प्रयोग करणाऱ्यास शासन साहाय्य देते, परंतु त्या तंत्राचा पहिला वापर करणाऱ्याची जोखीम कोणीच उचलत नाही. प्रचलित व्यवस्थेतील मुख्य दोष येथे आहे.

महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासाला हा अनुभव नवा नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि पहिले नांगर विकायला त्यांना दोन वर्षे लागली. पुढे १९१० मध्ये औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी जागा व आर्थिक साहाय्य दिल्यामुळे किर्लोस्करवाडी उभी राहिली. संस्थानिकाने दिलेला आधार महत्त्वाचा होताच, पण नांगर तयार असूनही ग्राहक नाही, अशी जी दोन वर्षे गेली, ती अनेक लहान उद्योगांच्या आयुष्यात शेवटची ठरतात.

अमेरिकेत या टप्प्याचा विचार स्वतंत्रपणे झाला. तेथील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानात रोलंड टिबेट्स यांनी १९७७ मध्ये लहान उद्योगांसाठी संशोधन-साहाय्याचा कार्यक्रम सुरू केला आणि १९८२ च्या कायद्याने तो सर्व मोठ्या संघराज्य खात्यांना लागू झाला. ज्या खात्यांचा बाह्य संशोधनावरील खर्च ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक आहे, त्यांनी त्यातील काही हिस्सा लहान उद्योगांसाठी राखून ठेवावा, अशी सक्ती करण्यात आली. हा हिस्सा प्रारंभी ०.२ टक्के होता, २०१७ मध्ये तो ३.२ टक्क्यांवर पोचला. या कार्यक्रमाचे तीन टप्पे केले गेले. पहिला व्यवहार्यता तपासण्याचा, दुसरा विकासाचा आणि तिसरा प्रत्यक्ष वापराचा. तिसऱ्या टप्प्यात अनुदान नसते, मात्र आधीच्या टप्प्यांतून पुढे आलेली वस्तू पुन्हा स्पर्धात्मक निविदा न काढता विकत घेण्याची मुभा खात्यांना असते. भारतातील ‘एसबीआयआरआय’ हे नाव या अमेरिकी कार्यक्रमाची आठवण करून देते. नाव जवळचे घेतले, पहिले दोन टप्पेही घेतले, तिसरा टप्पा मात्र बाहेर राहिला.

भारतात या तिसऱ्या टप्प्याची बीजे काही ठिकाणी दिसतात. २०१८ मध्ये संरक्षण मंत्रालयाने सुरू केलेल्या ‘आयडेक्स’ या उपक्रमात प्रश्न सैन्यदले मांडतात, उत्तरासाठी दीड कोटी रुपयांपर्यंत अनुदान मिळते आणि यशस्वी वस्तूच्या खरेदीचा मार्ग संरक्षण खरेदीच्या नियमांत ठेवलेला आहे. २०१८ च्या राज्य धोरणानंतर महाराष्ट्र राज्य नवप्रवर्तन सोसायटीने ‘स्टार्टअप सप्ताहा’तून निवडलेल्या २४ उद्योगांना पंधरा लाख रुपयांपर्यंतचे शासकीय कार्यादेश देण्याची प्रथा सुरू केली. रोख पारितोषिकापेक्षा कार्यादेश देणे अधिक मोलाचे आहे, ही दृष्टी त्यामागे होती आणि ती योग्यच होती. सूक्ष्म व लघुउद्योगांकडून खरेदी करण्याचे केंद्राचे धोरण २०१२ पासून लागू झाले आणि २०१८ मध्ये त्यातील किमान प्रमाण २० वरून २५ टक्क्यांवर नेण्यात आले.

मात्र या तिन्ही व्यवस्थांत ग्राहक शासन स्वतः आहे. शासन गूळ पाडत नाही. गुऱ्हाळासाठी, विणकरासाठी, वीटभट्टीसाठी, दूध संकलन केंद्रासाठी जे तंत्र लागते, त्याचा ग्राहक विखुरलेला व खाजगी असतो. अशा ग्राहकासाठी शासनाकडे यंत्र-खरेदीवरील अनुदान हे एकच साधन आहे. कृषी यांत्रिकीकरणाच्या २०१४-१५ पासूनच्या उपअभियानात अनुदानासाठी यंत्राची अधिकृत चाचणी झालेली असावी लागते. शेतकऱ्याची फसवणूक होऊ नये म्हणून ही अट आवश्यक आहे. परंतु तिचा परिणाम असा होतो की, खरेदी-अनुदान प्रस्थापित यंत्राला मिळते आणि नव्या यंत्राला मिळत नाही. नव्या यंत्राची पहिली पाच-दहा रूपे लोकांच्या वापरात येऊन तावून-सुलाखून निघाल्याशिवाय ते चाचणीच्या योग्यतेचे होत नाही, आणि चाचणी झाल्याशिवाय ते लोक घेत नाहीत.

काही आक्षेपांचा विचार

यावर दोन आक्षेप घेतले जाऊ शकतात. पहिला असा की, शासकीय पैसा हा करदात्यांचा पैसा आहे, तो जोखमीच्या कामात घालताना अटी असणारच. हा आक्षेप मान्य करावा लागतो. अटी असाव्यात, यात वाद नाही. प्रश्न अटींच्या आशयाचा आहे. कंपनीचे रूप व वय पाहणाऱ्या अटी कागदावर तपासणे सोपे असते, म्हणून त्या निवडल्या जातात. वस्तूने काय साधले, किती जळण वाचले, धूर किती कमी झाला, हे तपासणे कठीण असते, म्हणून ते टाळले जाते. सोयीची अट आणि आवश्यक अट यांत फरक करणे अगत्याचे आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पहिल्या ग्राहकाला साहाय्य द्यायचे म्हटले की, त्यातून पुन्हा वाटपाचीच योजना तयार होईल. या भीतीला इतिहासाचा आधार आहे. सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८० च्या दशकात सुरू झाला आणि २००२ मध्ये संपला. या काळात देशभर तीन कोटींहून अधिक चुली बसवल्या गेल्या, परंतु त्यांतील अनेक चुली अल्पावधीत वापरातून गेल्या. किती चुली बसवल्या, याची नोंद काटेकोर होती. किती चुली पेटतात, याकडे तितके लक्ष दिले गेले नाही. हा धडा गुऱ्हाळाच्या चुलवाणालाही तितकाच लागू पडतो. म्हणून पहिल्या ग्राहकाला द्यावयाचे साहाय्य यंत्राच्या किमतीवर न देता हंगामाच्या हमीच्या रूपात द्यावे लागेल. नवे चुलवाण वापरून गूळ नासला किंवा गुऱ्हाळ बंद पडले, तरच भरपाई मिळावी. यंत्र चालले तर शासनाचा पैसा खर्चच होणार नाही. अशी हमी मोजक्याच गुऱ्हाळांना, ठरावीक हंगामांसाठी आणि प्रत्यक्ष मोजणीच्या अटीवर दिली गेली, तर ती वाटपाची योजना होणार नाही.

महाविद्यालयांची भूमिका

प्रत्यक्ष मोजणीची ही अट कोण पार पाडणार, या प्रश्नापाशी तालुक्यातील महाविद्यालयांचा संबंध येतो. २०१८ पासून उच्च शिक्षण संस्थांत नवप्रवर्तन परिषदा स्थापन करण्याची मोहीम सुरू झाली. नॅकच्या मूल्यांकनातही संशोधन, नवप्रवर्तन व विस्तार यांना स्वतंत्र निकष आहे. राज्याच्या २०२५ च्या स्टार्टअप धोरणाने पाचशे कोटी रुपयांच्या ‘महाफंड’बरोबरच औद्योगिक प्रशिक्षण संस्था, तंत्रनिकेतने व शैक्षणिक संस्थांत सूक्ष्म इन्क्युबेशन केंद्रे उभारण्याचा संकल्प केला. संकल्प स्वागतार्ह आहे. तथापि फलक, उद्घाटन, एक दिवसाची कार्यशाळा आणि छायाचित्रांसह अहवाल इतक्यावर नवप्रवर्तन कक्षाचे काम आटोपते, हे उच्च शिक्षणाच्या क्षेत्रात कोणाला नव्याने सांगण्याची गरज नाही.

ग्रामीण भागातील कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालयाने उद्योग जन्माला घालावेत, ही अपेक्षा अवास्तव आहे. त्याच्याजवळ भांडवल नाही आणि बाजाराचे ज्ञानही नाही. परंतु मोजणीची क्षमता त्याच्याजवळ आहे. चिपाडातील ओलावा मोजायला तराजू व भट्टी पुरते. धुराड्यातील वायूचे तापमान मोजायला तापयुग्म पुरते. टनामागे किती जळण लागले आणि किती गूळ निघाला, याची हंगामभराची नोंद पदवीच्या विद्यार्थ्यांना ठेवता येते. गुळाची रसायनशास्त्रीय तपासणी महाविद्यालयीन प्रयोगशाळेच्या आवाक्यात आहे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला गुऱ्हाळमालकाच्या जोखमीचा हिशेब मांडता येतो. त्रयस्थाने केलेली अशी मोजणी हीच कारागिराची पहिली शिफारस ठरू शकते आणि तिच्या आधारे तो अधिकृत चाचणीपर्यंत जाऊ शकतो. लघु संशोधन प्रकल्पांचे विषय अशा प्रश्नांतून निवडले गेले, तर त्यांचे अहवाल कपाटात पडून राहणार नाहीत.

समारोप

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात.

१) भारतातील शासकीय संशोधन-अनुदान नमुना-यंत्राच्या टप्प्यापर्यंत उपलब्ध आहे. त्यापुढील पहिल्या वापराच्या टप्प्यावर ते थांबते.

२) अनुदानाच्या अटी उद्योगाचे कायदेशीर रूप, वय व सादरीकरण यांवर आधारलेल्या असल्यामुळे तालुका पातळीवरील अनुभवी कारागीर त्यांच्या बाहेर राहतो.

३) शासन स्वतः ग्राहक असलेल्या क्षेत्रांत खरेदीचे मार्ग तयार झाले आहेत. गुऱ्हाळासारख्या विखुरलेल्या खाजगी व्यवसायांसाठी तसा मार्ग नाही.

४) खरेदी-अनुदानाऐवजी पहिल्या वापरकर्त्याला मर्यादित हंगाम-हमी देणे आणि तिला त्रयस्थ मोजणीची जोड देणे, हा उपाय कमी खर्चाचा व तपासता येण्याजोगा आहे.

५) ग्रामीण महाविद्यालयांनी मोजणीची जबाबदारी घेतल्यास या साखळीतील एक दुवा तयार होऊ शकतो.

अनुदानाचे यश मंजूर रकमेवरून मोजण्याची सवय सोडल्याशिवाय ही त्रुटी दिसणार नाही. दौंडच्या गुऱ्हाळात त्याची कसोटी साधी आहे. पुढच्या हंगामात चुलवाण स्वतःच्या चिपाडावर चालले का, आणि धुराड्यातून निघणारा धूर पांढरा आहे की काळा, इतके पाहिले तरी योजना कोठवर पोचली ते समजेल.